बौद्धिक दिव्यांग प्रौढांना गावाने सामावून घ्यावे यासाठी व्हिडिओचा उपयोग होतो का?

आपण विचारले आहे की, आपला ३१ वर्षांचा भाऊ विशेष शाळा सुटल्यापासून देवगडजवळच्या घरी बसून आहे, त्याच्यासारखे आणखी चार-पाच जण पंचक्रोशीत आहेत, आणि त्यांच्यावर एखादा व्हिडिओ केला तर गाव त्यांना जवळ करील का. मी मालवण तालुक्यात अशाच एका लहान गटाबरोबर सहा वर्षे काम करतो आहे. उपयोग नक्की होतो. मात्र व्हिडिओ त्यांनी स्वतः करायला हवा आणि तो कोणाला दाखवायचा हेही त्यांनीच ठरवायला हवे. ‘बिचारे किती गुणी आहेत पाहा’ अशा थाटाची फीत दुसऱ्याने काढली, तर लोक हळहळतात आणि दुसऱ्या दिवशी पूर्वीसारखेच वागतात.

ज्यांच्याविषयी आहे त्यांनीच व्हिडिओ करण्याला सहभागी व्हिडिओ म्हणतात आणि पद्धत जुनी आहे. १९६७ मध्ये कॅनडातील फोगो बेटावरची वस्ती हलवण्याचा सरकारी विचार चालू असताना तेथील मच्छीमारांचे म्हणणे चित्रित करून बेटावरच्याच वस्त्यांत दाखवले गेले. वेगवेगळ्या गावांनी एकमेकांचे ऐकले आणि पुढे त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. आपल्याकडे अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेत १९८४ पासून कष्टकरी स्त्रिया कॅमेरा चालवू लागल्या, आणि त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. आपल्या भावाला अक्षरओळख किती आहे, ही चिंता म्हणून बाजूला ठेवावी.

आमच्या गटातील एक ३४ वर्षांचे गृहस्थ लहानपणापासून रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे सर्वांनी मिळून दोराने ओढण्याच्या मासेमारीला, जातात. नारळी पौर्णिमेनंतर हंगाम सुरू झाला की पहाटे दोर ओढायला किनाऱ्यावर सर्वांत आधी तेच हजर असतात. त्यांनी पहिल्यांदा मोबाइल हातात घेऊन जे टिपले, त्यात अकरा मिनिटे केवळ पाय, वाळू आणि ओला दोर होता, एकही चेहरा नव्हता. मला ते फुकट गेलेले चित्रण वाटले आणि मी पुसून टाकण्याच्या बेतात होतो. त्यांनी माझा हात धरला आणि शेवटच्या तुकड्याकडे बोट दाखवले. तेथे बांगडा माशांचे वाटे वाळूवर मांडलेले होते, एकेक वाटा ज्याच्या त्याच्या टोपलीत पडत होता, आणि यांचा वाटा मात्र थोरल्या भावाच्या टोपलीत गेला. तेवढा तुकडा त्यांनी आम्हाला चार वेळा पाहायला लावला आणि मग म्हणाले, “माझो वाटो माझ्या हातात दी.” त्यांचे एवढे सलग वाक्य मी तोपर्यंत ऐकले नव्हते.

ही फीत देवळाच्या सभामंडपात दाखवली तेव्हा सत्तरेक माणसे होती. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग रापणीचे म्हातारे पुढारी उठले आणि म्हणाले, “फाल्यापासून (उद्यापासून) ह्याचो वाटो ह्याच्याच हातात देवचो.” तसे झालेही. थोरल्या भावाला सुरुवातीला ते लागले, आणि त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलायला मी उशीर केला, ही माझी चूक होती. घरच्यांना भर सभेत प्रथमच काही कळावे, असे होऊ देऊ नका. बाकी सर्व काही बदलले असेही नाही. लग्नाच्या पंगतीत त्यांना अजूनही पुष्कळदा मागच्या पडवीत बसवतात.

प्रत्यक्ष कामाविषयी सांगायचे तर आठवड्यातील एकच वार, एकच जागा आणि पाऊण तास ठरवून घ्या, कारण ठरलेपणाने यांचे मन स्थिर राहते. मोबाइल तिवईवर लावा. पहिल्या दिवशी प्रत्येकाने शेजाऱ्याला एक प्रश्न विचारावा, तो टिपावा आणि लगेच सर्वांनी पाहावा. स्वतःला पडद्यावर पाहून काही जण खुलतात, काही जण तोंड फिरवतात. तोंड फिरवणाऱ्याला आग्रह करू नका. कोणता प्रसंग आधी आणि कोणता नंतर हे ठरवण्यासाठी आम्ही त्यातील चित्रे छापून जमिनीवर पसरतो आणि ते हाताने सरकवून क्रम लावतात. संकलनाचे बटण मी दाबतो, पण जे चित्र त्यांनी बाहेर काढून ठेवले ते फितीत येत नाही.

संमतीबद्दल विशेष काळजी घ्या. आमच्या गटातील एका ताईंच्या स्वयंपाकाचा छोटासा तुकडा मी त्यांना न विचारता वाडीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला. हेतू चांगला होता, परंतु दोन मुलांनी त्यांच्या बोलण्याची नक्कल सुरू केली आणि त्या दोन महिने आमच्याकडे फिरकल्या नाहीत. तेव्हापासून आम्ही तीन चित्रे ठेवतो: घर, देऊळ आणि मोबाइल. फीत पुरी झाल्यावर ज्याची त्याने, आतल्या गोटात दाखवायची की गावात की सर्वत्र, ते बोटाने सांगायचे, आणि प्रत्येक वेळी नव्याने विचारायचे, कारण काल दिलेला होकार आज बदलू शकतो. पालकांची सही घ्यावी, पण ती त्यांच्या होकाराच्या जागी चालत नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदाही त्यांना इतरांसारखीच कायदेशीर क्षमता मान्य करतो, आणि मर्यादित पालकत्व म्हणजे परस्परविश्वासाने मिळून घेतलेला निर्णय, असेच सांगतो.

प्रेक्षक कोण असावेत याचा विचार चित्रीकरणाइतकाच करा. ज्याच्या हातात बदल आहे तो माणूस खुर्चीवर हवा: दुकानदार, एस.टी.चा वाहक, सरपंच, मंडळाचे कार्यकर्ते. चित्र संपल्यावर करणाऱ्याला पुढे बसवा आणि प्रश्न त्याला विचारायला सांगा. उत्तराला वेळ लागला तर घरच्यांनी मध्ये बोलू नये, एवढे आधीच पक्के करून ठेवा.

एक अगदी साधी गोष्ट राहिली. किनाऱ्यावरचा वारा आवाज खाऊन टाकतो, म्हणून माइकवर स्पंजाची टोपी घाला आणि बोलणे होडीच्या आडोशाला टिपा. आमच्या पहिल्या वर्षाचे निम्मे बोलणे ऐकूच येत नाही, आणि ती माणसे तेच शब्द पुन्हा तसेच बोलली नाहीत.