पंप कंट्रोलरची एसटीएम३२ चिप एसटी-लिंकला सापडत नाही, रीसेटही होत नाही. अनलॉक मारू का?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं. देवगडच्या बागेत विहिरीवरच्या पंपाचा कंट्रोलर पावसाळ्यानंतर बंद पडला. आत एसटीएम३२एफ१०३सी८ (एफ१ मालिकेतली मायक्रोकंट्रोलर चिप) आहे. एसटी-लिंक व्ही२चा (चिप लॅपटॉपला जोडणारा प्रोब) स्वस्त नकली डोंगल जोडला की क्यूबप्रोग्रामर (त्याचं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर) बहुतेक वेळा ‘नो एसटीएम३२ टार्गेट फाउंड’ म्हणतो. एकदा कसाबसा जोडला गेला तेव्हा ‘डेटा रीड फेल्ड’ आलं, आणि कुणीतरी सांगितलं की चिप लॉक आहे, अनलॉक करून टाका.

अनलॉक आत्ता करू नका. एफ१ मालिकेत रीड प्रोटेक्शन (प्रोग्राम बाहेरून वाचू न देणारं कुलूप) काढलं की चिप आधी स्वतःची सगळी ६४ केबी फ्लॅश (प्रोग्राम साठवलेली मेमरी) पुसते आणि मगच कुलूप उघडते. ही व्यवस्था सिलिकॉनमध्येच आहे, त्यामुळे प्रोब किंवा सॉफ्टवेअर बदलून ती टळत नाही. कंट्रोलर बनवणाऱ्याकडून प्रोग्रामची हेक्स किंवा बिन फाइल हातात आली नसेल, तर त्या एका क्लिकनंतर तुमच्याकडे कोरा बोर्ड उरेल.

शिवाय तुम्हाला आलेले दोन संदेश दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. एफ१वर रीड प्रोटेक्शन असलं तरी एसडब्ल्यूडी पोर्ट (प्रोब जिथे जोडतात तो डीबग पोर्ट) चालूच असतो. प्रोबला चिप दिसते, तिचा आयडी वाचता येतो, फक्त फ्लॅश वाचता येत नाही. म्हणजे ‘डेटा रीड फेल्ड’ हे कुलपाचं लक्षण असू शकतं, पण ‘टार्गेट फाउंड नाही’ हे नाही. तो दोष वायरचा, सप्लायचा, रीसेट पिनचा किंवा चालू प्रोग्रामचा असतो. पावसाळा काढलेल्या बोर्डावर मी आधी रीसेट पिनकडेच बघेन. (एफ४सारख्या मालिकांत लेव्हल २ नावाचं कायमचं कुलूप असतं, ते डीबग पोर्टच बंद करतं. एफ१०३मध्ये ते नाही.)

काहीही जोडण्याआधी सप्लाय बघा. स्वस्त पंप टायमरमध्ये बरेचदा ट्रान्सफॉर्मर नसतो, २३० व्होल्ट एका मोठ्या कपॅसिटरमधून उतरवलेले असतात. अशा बोर्डाचा ग्राउंड थेट लाइनवर असू शकतो. त्याला लॅपटॉपला लावलेला प्रोब जोडला तर प्रोब, लॅपटॉप आणि माणूस, तिघांनाही धोका आहे. मेन्स पूर्ण काढा, कपॅसिटर उतरू द्या, आणि बोर्डाला बाहेरून वेगळे ५ किंवा ३.३ व्होल्ट द्या. ट्रान्सफॉर्मर किंवा एसएमपीएस (स्विचिंग सप्लाय) दिसत असला तरी टेबलावर मी हेच करेन.

आता मल्टिमीटर घ्या. चिपच्या व्हीडीडी (सप्लायच्या) पिनांवर ३.३च्या आसपास हवेत, २.० ते ३.६ ही मर्यादा. क्यूबप्रोग्रामर दाखवतो त्या टार्गेट व्होल्टेजवर विसंबू नका, कारण नकली डोंगल बहुधा स्वतःचेच ३.३ मोजून दाखवतो. मग एनआरएसटी, म्हणजे रीसेट पिन, मोजा. ४८ पायांच्या पॅकेजवर ही ७ नंबरची पिन. काही दाबलेलं नसताना इथे ३.३च मिळायला हवेत.

कोकणातल्या बोर्डांचा घोळ इथेच असतो. एनआरएसटीला चिपच्या आत सुमारे ४० किलोओहमचा पुल-अप (पिन ३.३कडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) असतो. खाऱ्या वाऱ्याचा मीठ-ओलावा आणि न धुतलेला फ्लक्स (सोल्डरिंगची चिकट राळ) मिळून रीसेट बटणाच्या पायांमध्ये किंवा १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरखाली १० किलोओहमची गळती झाली, तर पिनवर ३.३ × १० ÷ ५० म्हणजे ०.६६ व्होल्ट उरतात. ०.८च्या खाली चिप ते ‘रीसेट दाबलेलं आहे’ असंच वाचते, आणि चिप कायम रीसेटमध्ये अडकते. बोर्डावर बाहेरचा १० किलोओहमचा पुल-अप असेल तर त्याच गळतीला साधारण १.८ व्होल्ट मिळतात. हे जास्त त्रासाचं, कारण चिप कधी चालते, कधी नाही, आणि प्रोब ‘एकदाच’ जोडला जातो. तुमच्या वर्णनाशी हे जुळतं.

स्वच्छ करताना थेट आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) ओतू नका. आयपीएमध्ये फ्लक्स विरघळतो, मीठ जवळजवळ विरघळत नाही. आधी डिस्टिल्ड पाणी (बॅटरीच्या दुकानात मिळतं ते) आणि मऊ ब्रश, त्यानंतर ९९ टक्के आयपीए, म्हणजे पाणीही निघून जातं. रिले आणि बझरमध्ये पाणी शिरू देऊ नका. मग ६० अंशांच्या आसपास गरम हवेत तास-दोन तास वाळवा. दमट दिवसात नुसतं टेबलावर ठेवून बोर्ड आतून वाळत नाही. रीसेट बटणाच्या पायांवर हिरवट बुरशीसारखं दिसलं तर बटण काढूनच टाका, बोर्डाला त्याची गरज नाही. नंतर एनआरएसटी पुन्हा मोजा. ३.३ आले तरच पुढे जा.

जोडणीला चार नव्हे, पाच वायर हव्यात: एसडब्ल्यूडीआयओ (पीए१३), एसडब्ल्यूक्लॉक (पीए१४), ग्राउंड, ३.३ आणि एनआरएसटी. बोर्डाला बाहेरून सप्लाय असेल तर डोंगलचे ३.३ जोडू नका. वायर १५-२० सेंटीमीटरपेक्षा लांब नको, आणि क्यूबप्रोग्रामरमध्ये फ्रिक्वेन्सी ४००० वरून ४८० किलोहर्ट्झ किंवा त्याखाली आणा. डोंगलच्या कवचावर छापलेला पिन क्रम नीट वाचा. सारख्याच दिसणाऱ्या डोंगलांत तो वेगळा असतो.

मोड ‘अंडर रीसेट’, रीसेट मोड ‘हार्डवेअर रीसेट’. हा मोड लागतो कारण प्रोग्रामने सुरुवातीलाच पीए१३-१४ साध्या पिना केल्या असतील किंवा चिप झोपायला जात असेल, तर चालू चिपशी प्रोबला बोलताच येत नाही. रीसेट धरून ठेवलं की प्रोग्राम सुरू होण्याआधीच प्रोब चिपचा ताबा घेतो. अडचण अशी की बऱ्याच नकली डोंगलांची आरएसटी पिन फक्त एसटीएम८ या वेगळ्या चिप मालिकेसाठी जोडलेली असते, एसटीएम३२ला ती काहीच करत नाही. म्हणून हाताने करा: एनआरएसटी ग्राउंडला टेकवून ठेवा, ‘कनेक्ट’ दाबा, आणि लगेच एनआरएसटी सोडा. वेळ जुळायला थोडे प्रयत्न लागतात.

तेही जमलं नाही तर बूट०, म्हणजे चिप कुठून सुरू होईल ते ठरवणारी पिन. ही ४४ नंबरची पिन, सहसा १० किलोओहमने ग्राउंडला असते. ती १ किलोओहममधून ३.३ला जोडा, बूट१ (पीबी२) खालीच राहू द्या, आणि रीसेट द्या. चिप कारखान्यात भरलेल्या बूटलोडर नावाच्या छोट्या प्रोग्राममध्ये जाते, बागेचा प्रोग्राम चालतच नाही, त्यामुळे एसडब्ल्यूडी मोकळा राहतो. मला हा मार्ग हातच्या वेळेच्या खेळापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. जोडल्यावर लॉगमध्ये आयडी बघा: अस्सल एफ१०३ १बीए०१४७७ देते. २बीए०१४७७ आला तर चिप नकली आहे. चिप बदलण्याचं कारण नाही, पण काही सॉफ्टवेअर तिला नाकारतात.

आता कुलूप. ऑप्शन बाइट्सचं (कुलूप आणि इतर सेटिंग साठवणाऱ्या बाइट्सचं) पान उघडा आणि त्याचा फोटो काढून ठेवा, कारण अनलॉक करताना वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर), राइट प्रोटेक्शन आणि दोन वापरकर्ता बाइट्स यांच्या जुन्या किमतीही जाऊ शकतात. रीड प्रोटेक्शन लागलेलंच नसेल तर उत्तम: आधी फ्लॅश वाचून फाइल जतन करा. ते लागलेलं असेल आणि फाइल तुमच्याकडे नसेल, तर इथेच थांबा, प्रोब काढा, बूट० खाली आणा आणि सप्लाय पूर्ण तोडून पुन्हा द्या. रीसेटची गळती गेलेली असल्याने कंट्रोलर आहे त्या प्रोग्रामवर चालू होण्याची चांगली शक्यता आहे. सप्लाय तोडणं इथे महत्त्वाचं: लॉक असलेल्या एफ१ला प्रोब लागला की डीबग चालू असेपर्यंत फ्लॅशमधून प्रोग्राम चालत नाही. ‘प्रोब लावल्यापासून बोर्ड मेला’ असं वाटतं ते यामुळे.

फाइल असेल तर रीड प्रोटेक्शनची टिक काढून ‘अप्लाय’ दाबा. पुसायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात, पण त्या वेळात सप्लाय डगमगू देऊ नका. त्यानंतर बहुतेक लोक फसतात. एसडब्ल्यूडीवरून काढलेलं कुलूप नुसत्या रीसेट बटणाने उघडत नाही, पॉवर-ऑन रीसेट लागतो, म्हणजे व्हीडीडी खरोखर शून्याकडे जायला हवा. सप्लाय काढला तरी डोंगलच्या ३.३ मधून, सिग्नलच्या वायरमधून किंवा यूएसबी-सिरीयलच्या टीएक्समधून चिपला चोरवीज मिळत राहते, व्हीडीडी दीड-दोन व्होल्टवर लटकतो आणि जुनेच ऑप्शन बाइट्स राहतात. म्हणून सगळ्या वायर उपटा, मीटरवर ०.२ व्होल्टच्या खाली आलेलं बघा, मग सप्लाय द्या. यूएसएआरटी१ या सिरीयल पोर्टवरच्या बूटलोडरमधून (पीए९, पीए१०, इव्हन पॅरिटी) अनलॉक केलं तर मात्र साधा रीसेट पुरतो.

फाइल भरल्यावर बोर्ड ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा सुरू होत असेल तर वॉचडॉग बघा. फोटोत हार्डवेअर वॉचडॉग चालू होता का ते तपासा. रीसेटनंतरच्या मूळ मांडणीत तो सुमारे ४१० मिलिसेकंदांत रीसेट मारतो, आणि एनआरएसटीवरची ती खूण इतकी छोटी असते की मल्टिमीटरला दिसत नाही, लॉजिक अ‍ॅनालायझर लावावा लागतो.

सगळं चालल्यावर अ‍ॅक्रिलिक कोटिंगचे दोन हात द्या, पण बोर्ड पूर्ण वाळल्यावरच, नाहीतर मीठ आत कोंडलं जातं. एनआरएसटीचा पुल-अप बाहेरून नसेल तर त्याआधी ४.७ किलोओहमचा एक बसवा. एसडब्ल्यूडीच्या पॅडवर कॅप्टॉन टेप लावून ती जागा कोरी ठेवा, आणि टेप काढल्यावर तिथे थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. पुढच्या वेळी पुसलं की प्रोब लगेच टेकतो.