आधी पुढची तारीख दे

प्रिय मुला,

तुझं पत्र चार पानी, आणि त्या रुग्णाच्या पाठदुखीविषयी त्यात दोनच ओळी. बाकी सगळं त्याच्या मॉर्फिनच्या गोळ्यांविषयी. डोस किती, मर्यादा किती, आधीच्या डॉक्टरांनी हे लोढणं तुझ्या गळ्यात का टाकलं, उद्या काही झालं तर कागदावर सही कुणाची निघेल. मणक्याच्या दोन शस्त्रक्रिया, आठ वर्षं तोच डोस आणि रोज कामावर जातो, एवढंच काय ते मला त्याच्याविषयी कळलं. खरं तर निदानाला यातलं बरंच कामाचं आहे. तू ते लिहिलंस आणि पुढे निघून गेलास.

‘तो मला फसवत असेल तर?’ असं विचारतोस. असेलही. मला पुष्कळांनी फसवलंय. पण ज्यांना मी खोटं ठरवलं आणि जे खोटे नव्हते, त्यांचे चेहरे अजून आठवतात. फसवणाऱ्यांचे आठवत नाहीत.

गोळी द्यायची, कमी करायची की आहे तशी ठेवायची, हे सावकाश ठरव. त्याआधी पुढच्या भेटीची तारीख दे. ‘नाही’ म्हणायचं असेल तरी तारीख देऊनच म्हण. वेदनेचा रुग्ण तारखेविना खोलीबाहेर गेला, की तू काहीही लिहून दिलेलं असो, उपचार तिथे संपले.

मी हे दोन्ही बाजूंनी चुकून शिकले. आम्ही नवे होतो तेव्हा ‘दुखणं असलेल्याला व्यसन लागत नाही’ असं छातीठोकपणे सांगितलं जायचं. आधार काय, तर 1980 साली एका वैद्यकीय नियतकालिकात आलेलं पाच वाक्यांचं पत्र. अकरा हजारांहून अधिक रुग्णांना मॉर्फिनसारखी औषधं दिली, व्यसन फक्त चौघांना लागलं, असं त्यात होतं. ते सगळे रुग्णालयात दाखल झालेले रुग्ण होते. घरी बसून वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. ते मूळ पत्र आमच्यापैकी किती जणांनी वाचलं होतं? मी तरी नव्हतं. पाय मोडलेल्या एका तरुणाला मी महिन्यामागून महिना सही करून देत गेले. हाड कधीच जुळलं होतं. गोळी कशासाठी घेतोस, हा प्रश्न मी विचारला तेव्हा त्याचं उत्तर त्यालाही देता येईना.

मग मी कडक झाले. कडक झालेला डॉक्टर स्वतःला फार शहाणा समजतो. हाताच्या दुखापतीनंतर नसांच्या वेदनेने बेजार झालेली एक बाई माझ्याकडे यायची. डोस स्थिर, तक्रार नाही. दोन आठवड्यांत मी तिचं औषध शून्यावर आणलं. तिला घाम, जुलाब, अंगाला कंप सुटला, आणि मी त्यालाच व्यसनाचा पुरावा मानलं. केवढा अडाणीपणा! रोज ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीचं औषध, घेणाऱ्या कुणाचंही औषध एकदम तोडलं तर हेच होणार. शरीराला सवय लागणं वेगळं. नुकसान दिसत असूनही हात न थांबणं, सगळा दिवस गोळीभोवती फिरणं, हे व्यसन. हा फरक तुला परीक्षेत पाठ होता. खुर्चीत बसल्यावर विसरलास, जशी मी विसरले. ती बाई उठून गेली. मी तारीख दिली नव्हती. पुढे तिचं काय झालं, मला माहीत नाही.

आता तू धरून बसलेल्या त्या मर्यादेविषयी, दिवसाला 90 मिलिग्रॅम मॉर्फिन. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, 2016 मध्ये तो आकडा दिला, तो डोस वाढवताना डॉक्टरने थबकावं म्हणून. पाहता पाहता तो कुंपण झाला आणि वर्षानुवर्षं स्थिर असलेल्या रुग्णांची औषधं झटक्यात तोडली गेली. 2019 मध्ये तिथल्याच औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला की असं एकदम तोडल्याने तीव्र विथड्रॉवल (औषध तुटल्यावर शरीराला होणारा त्रास), अनावर वेदना आणि आत्महत्याही घडतात. 2022 च्या सुधारित मार्गदर्शनात असे आकडे शिफारशींतून काढून टाकले. तू अजून 2016 च्याच कागदाला चिकटलायस.

याचा अर्थ डोळे मिटून लिहीत राहा असा नाही. पाठ, गुडघा, खुबा यांच्या जुनाट दुखण्यावर ओपिऑइड आणि साध्या वेदनाशामकांची वर्षभर तुलना करणारा अभ्यास 2018 मध्ये आला. रोजच्या हालचालीत ओपिऑइड सरस ठरलं नाही. म्हणून नव्या रुग्णाला मी तिथून सुरुवात करत नाही. पण आठ वर्षं घेणारा माणूस नवा रुग्ण नव्हे. त्याला विचार: गोळी घेतल्यावर काय जमतं जे एरवी जमत नाही? झोप? उभं राहणं? झोपेची किंवा चिंतेची गोळी सोबत घेतो का, दारू घेतो का? झोपेत श्वास अडकतो का? बायकोला विचार, घोरताना मध्येच गप्प होतो का. बद्धकोष्ठतेबद्दल तू विचारलंच नसशील, कुणीच विचारत नाही. त्याच्या घरात नॅलॉक्झोन, म्हणजे ओपिऑइडचा डोस जास्त झाला तर त्यावरचा उतारा, ठेवायला सांग आणि ते वापरायचं कसं हे घरच्यांना शिकव. कमी करायचंच ठरलं, तर त्याच्या संमतीने, महिन्याला दहा टक्के किंवा त्याहूनही हळू. मध्ये थांबावं लागलं तर थांब. आणि व्यसनाची लक्षणं दिसली तर? तेव्हा तर तारीख आणखी जवळची दे. व्यसन हा आजारच आहे, हाकलून देण्याचं कारण नव्हे.

‘मॅडम, तुम्हाला बोलायला सोपं आहे, सही माझी आहे,’ असं तू मनात म्हणत असशील. माझीही सही होती. लोक मला ढिली म्हणायचे, नंतर दगड म्हणायचे, आता पुन्हा ढिली म्हणतात. म्हणोत. अशा प्रत्येक भेटीला मी अर्धा तास देते आणि बाहेर रांग खोळंबते, यावरूनही बोलणी खाल्ली. त्या अर्ध्या तासाचं समर्थन मी आजही करीन, आणि ते करताना आवाज चढतो हेही मला ठाऊक आहे. त्या बाईला मी सहा मिनिटंसुद्धा दिली नव्हती.

गुरुवारी तो येतोय असं लिहिलंयस. डोसचं मला कळवू नकोस, तो एका भेटीत ठरणार नाही. तारीख कोणती दिलीस तेवढं लिही.

तुझी,
मॅडम