निमविषारी म्हणजे नेमके किती विषारी?

शिराळा तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. चांदोलीला शाळेची सहल गेली होती, तिथल्या सापांच्या तक्त्यावर हरणटोळाखाली 'निमविषारी' असे लिहिलेले. एका मुलाने विचारले, 'बाई, कडुनिंबासारखं कडू विष का?' दुसऱ्याने निकाल लावला, 'निम्मं विष, म्हणजे माणूस निम्माच मरतो.' सोबतचा गावकरी म्हणाला, हरणटोळ झाडावरून टाळूला डसतो आणि मग माणूस राहत नाही. तर तक्त्यावरचा शब्द बरोबर का, आणि त्याचा अर्थ काय घ्यायचा?

बाई, कडुनिंबाचा इथे काही संबंध नाही. आपल्या सातारा-सांगलीकडे त्या झाडाला लिंब म्हणतात; 'नीम' पोरांच्या तोंडी बसले ते हिंदीतून आणि टूथपेस्टच्या जाहिरातींतून. इथला 'निम' फारसी 'नीम'वरून आलेला, अर्थ अर्धा. रोजचा 'निम्मा' त्याच घरातला. म्हणजे दुसरा मुलगा शब्दाच्या बाबतीत बरोबर होता, मरणाच्या बाबतीत नव्हे.

पण मराठीत हा 'निम' कुठल्याही शब्दाला जोडला की तराजू सोडून देतो. विटा, तासगाव निमशहरी म्हणताना कोणी पन्नास टक्के मोजत नाही. निमसरकारी महामंडळ असो की निमगोरा नवरदेव, भाव एवढाच की धड हे नाही, धड ते नाही. निमविषारीतही तोच भाव आहे. विषाचे माप त्यात नाही.

मग धड काय नाही? इथे सापाच्या तोंडात डोकावावे लागते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचे विषदंत जबड्याच्या पुढच्या भागात असतात आणि सुईसारखे पोकळ असतात. क्षणभर लागले तरी विष आत जाते. हरणटोळाचे विषदंत मागे, साधारण डोळ्याखाली. ते पोकळ नसतात. दाताला पन्हळीसारखी खोबण असते आणि विष तिच्यातून ओघळत उतरते. म्हणून हा साप भक्ष्य पकडून धरून ठेवतो, जबडा हलवत ते मागच्या दातांपर्यंत नेतो. करवंदीच्या जाळीत त्याने सरडा धरला की तो लगेच गिळत नाही. सरड्याचे पाय ताठरतात, ढिले पडतात, मग गिळणे सुरू होते. सरड्याच्या दृष्टीने 'निम' वगैरे काही नाही, पुरता विषारी.

माणसाला चावला तर दुखते, सूज येते, थोडी बधिरता येते आणि सहसा दोनतीन दिवसांत उतरते. तक्ता लिहिणाऱ्याला हेच सांगायचे होते. शब्दात 'कुणाला' हे राहून गेले आहे, माझी तक्रार आहे ती तेवढीच.

आणि ती तक्रार नुसती किस काढणारी नाही. मागच्या दातांचे सगळेच साप माणसाशी असे सौम्य वागत नाहीत. आफ्रिकेत बूमस्लँग नावाचा झाडावरचा साप आहे. आफ्रिकान्स भाषेत 'बूम' म्हणजे झाड, 'स्लँग' म्हणजे साप. 1957 साली शिकागोच्या फील्ड म्युझियममधले नामांकित सर्पतज्ज्ञ कार्ल श्मिट यांच्या अंगठ्याला त्याचे एक लहान पिल्लू चावले. लागला तोही एकच मागचा दात. त्यांनी आपली लक्षणे स्वतः लिहून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. तेव्हा दात मागे म्हणजे निमविषारी, आणि निमविषारी म्हणजे बिनघोर, असे समीकरण मुलांना शिकवू नका. हरणटोळ सौम्य आहे, कारण हरणटोळाचे विष माणसाला सौम्य पडते. बस.

टाळूचे म्हणाल तर ती गोष्ट नुसती आपल्याकडचीच नाही. हरणटोळांच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव अहेटुल्ला हे सिंहली भाषेतून उचललेले, अर्थ डोळे टोचणारा. तमिळमध्ये त्याला कण्कोत्ती पांबू म्हणतात, तेही डोळेच. आपण डोळ्यांवरून टाळूवर गेलो इतकेच. समजुतीचे मूळ त्याच्या बसण्यात असावे असे मला वाटते. हा दिवसा हिंडणारा साप, पानाच्या रंगाचा, बोटाएवढ्या जाडीचा. फांदीवरून पुढचे अंग हवेत काढून वाऱ्यासोबत डहाळीसारखा डुलतो आणि माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर असतो. टोकदार तोंड, आडवी बाहुली, डोळ्यांपुढून नाकाकडे गेलेल्या खाचा. त्यामुळे समोरचे त्याला दोन्ही डोळ्यांनी एकदम दिसते, अंतराचा अंदाज पक्का. डिवचले की मान फुगवतो, खवल्यांच्या मधली काळी-पांढरी कातडी दिसते. असे जनावर नाकासमोर आले तर टाळूच आठवणार.

एक गोष्ट मात्र तक्त्यावर हवीच. सह्याद्रीच्या या जंगलात झाडावर दुसरा एक हिरवा साप असतो, चापडा. तो निम नाही, खराच विषारी, विषदंत पुढे. डोके त्रिकोणी, अंग जाडसर, बाहुली उभी, आणि तो निशाचर. हिरवे जनावर दिसले की 'हरणटोळ असेल, निमविषारी' म्हणत हात घालणाऱ्याला पान लागायला वेळ लागणार नाही.

शब्द एकत्र लिहावा, 'नि' ऱ्हस्व: निमविषारी. 'निम विषारी' असे तोडू नये, 'नीमविषारी' तर नकोच. मग पोरे पुन्हा लिंबाकडे जातील. आणि तुम्ही शाळेत तक्ता कराल तेव्हा असे लिहा: 'हरणटोळ. निमविषारी. सरडे, बेडूक, लहान पक्षी यांना घातक; माणसाला सहसा नाही. हात लावू नये.'