गेटच्या बाहेर अपघात झाला म्हणून कामाचा नाही?

प्रश्न: माझा मोठा भाऊ महापे एमआयडीसीत एका पॅकेजिंग कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता, पगार १७,५०० आणि दर महिन्याला ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) कट व्हायचं. गेल्या महिन्यात सेकंड शिफ्ट संपवून बाइकवरून दिघ्याला घरी येताना रबाळ्याजवळ कंटेनरने मागून उडवलं, जागीच गेला. वाटेत घणसोलीला पोरीच्या तापाचं औषध घ्यायला थांबला होता. एचआर म्हणतो अपघात गेटच्या बाहेर झालाय, त्यात स्वतःच्या कामाला थांबला, म्हणजे ड्यूटीवर नव्हता. कॉन्ट्रॅक्टर ५०,००० देतो म्हणतोय पण ‘यापुढे आमचा काही दावा नाही’ असं स्टॅम्प पेपरवर वहिनीची सही पाहिजे. करायची का?
– एक बहीण, दिघा

उत्तर: ताई, सही करू नका, वहिनींनाही आजच सांगा. दोन लहान पोरं असतील, घरात पैसा नसेल तर ५०,००० खूप वाटतात हे मला कळतं, पण तुमच्या वहिनींचा हक्क त्याच्या कितीतरी पुढचा आहे.

एचआर जे बोलतोय ते एकेकाळी खरं होतं. सायकलवरून फॅक्टरीत निघालेल्या एका कामगाराला गेटपासून फक्त एक किलोमीटरवर लॉरीने धडक दिली, शिफ्ट सुरू व्हायला थोडाच वेळ होता, तरी १९९६ साली सुप्रीम कोर्टाने ही कामावरची इजा नाही असंच म्हटलं. पण २०१० मध्ये ईएसआय कायद्यात कलम ५१ई आलं, घरून ड्यूटीला जाताना किंवा ड्यूटी करून घरी येताना झालेला अपघात कामातूनच झाला असं धरायचं, फक्त वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसला पाहिजे. आणि जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने हेच ईएसआयसी नसलेल्यांसाठीच्या कर्मचारी भरपाई कायद्यालाही लावलं. ती केस आपल्या मराठवाड्यातली, साखर कारखान्याचा वॉचमन पहाटे ३ च्या ड्यूटीला बाइकवरून निघाला आणि कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर अपघातात गेला, २००३ ची गोष्ट, घरच्यांना न्याय मिळायला २२ वर्षं लागली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही येण्याजाण्याचा अपघात धरलेला आहे. त्यामुळे गेट हा मुद्दाच राहिला नाही.

आता औषधाचं. कंपनी यावरच जोर देणार हे धरून चला. पण मला विचाराल तर ते मेडिकलचं बिलच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे, कारण महापे, घणसोली, रबाळे, दिघा हा ठाणे-बेलापूर रोडने सरळ घरचाच रस्ता, आणि पंच आउटची वेळ, बिलावरची वेळ आणि एफआयआरमधली वेळ एकाखाली एक मांडली की माणूस कामावरून निघून घरीच चालला होता हे आपोआप दिसतं. पार्टीला वाशीला गेला असता तर गोष्ट वेगळी होती. बापाने घरी जाताना पोरीचं औषध घेतलं म्हणून तो वाट सोडून गेला असं कोणी म्हणू नये.

मिळतं काय? ईएसआयसीकडून आश्रितांचा लाभ, म्हणजे पगाराच्या ९० टक्के दर महिन्याला, तुमच्या केसमध्ये साधारण १५,७५० होतात. वहिनींना हयातभर किंवा दुसरं लग्न करेपर्यंत, मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत, मुलीला लग्नापर्यंत, असा वाटून. अंत्यविधीचे १५,००० वेगळे, पण त्याचा क्लेम तीन महिन्यांच्या आत टाकायचा. कॉन्ट्रॅक्टवर होता म्हणून हक्क कमी होत नाही. आणि ज्यांचं ईएसआयसी नाही त्यांच्यासाठीही सांगते, तिथे मृत्यूची भरपाई सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते, असा परस्पर स्टॅम्प पेपर करून मालक सुटत नाही.

कंपनीकडे अपघाताचा रिपोर्ट ईएसआयसीला पाठवा असं लेखी द्या आणि पोच घ्या. नाही पाठवला तर एफआयआर, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, मृत्यूचा दाखला आणि पगाराच्या स्लिप घेऊन वहिनींनी स्वतः ब्रांच ऑफिसला जायचं. तिथे नाही म्हणाले तर ते लेखी मागा, पुढे ईएसआय कोर्ट आहे. आणि ते मेडिकलचं बिल थर्मल पेपरचं असणार, काही महिन्यांत पांढरं फटक पडतं, आजच त्याच्या दोन झेरॉक्स काढा.