घरातला निकोटिनचा साठा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

ब्रिटनमधला नवा कर आणि अमेरिकेतले बदलते नियम यांमुळे व्हेपिंगचं म्हणजे ई-सिगारेटचं निकोटिन घरात साठवून ठेवण्याबद्दल परदेशातल्या मराठी वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. सिगारेट सोडून व्हेपकडे वळलेल्यांना पुन्हा सिगारेटकडे जावं लागू नये, ही त्यामागची धडपड आम्हाला समजते. पण ही वस्तू विषारी आहे, हे गृहीत धरूनच पुढची उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : १०० मिलिग्रॅम तीव्रतेच्या निकोटिनची ५०० मिलिलिटरची प्लॅस्टिकची बाटली घेतली आहे. बेस, म्हणजे निकोटिन ज्यात मिसळलेलं असतं तो द्रव, पीजीचा (प्रॉपिलीन ग्लायकॉल) आहे. तशीच फ्रीझरमध्ये ठेवली तर किती वर्षं टिकेल? – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

आधी हिशेब करू. दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम म्हणजे त्या एका बाटलीत ५० ग्रॅम निकोटिन आहे. त्यातून ३ मिलिग्रॅमचं लिक्विड साडेसोळा लिटरहून जास्त होतं. रोज ५ मिलिलिटर लागत असेल, तर हा साठा नऊ वर्षं पुरेल. एवढी गरज खरंच आहे का, हे दुसरी बाटली मागवण्याआधी ठरवा. स्वस्त पडतं म्हणून लिटर-लिटर घेणारे बरेच असतात. मग वर्षभरात ते तीव्रता कमी करतात किंवा व्हेपिंगच सोडतात आणि बाटली घरात पडून राहते.

आता टिकण्याबद्दल. निकोटिन खराब होतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे. उजेड आणि उष्णता त्या क्रियेचा वेग वाढवतात. प्लॅस्टिकमधून ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो, त्यामुळे लांबच्या साठ्याला काचच हवी, तीही गडद तपकिरी रंगाची. ५०० मिलिलिटरची एकच बाटली ठेवू नका. १२० मिलिलिटरच्या चार आणि उरलेल्यासाठी ३० मिलिलिटरची एक अशी वाटणी करा. मोठी बाटली पुन्हा पुन्हा उघडली की दर वेळी सगळ्या साठ्याला नवी हवा लागते.

टोपणाकडे लोक लक्ष देत नाहीत आणि गडबड नेमकी तिथेच होते. फ्रीझरमध्ये द्रव आकसतो. खोलीच्या तापमानापासून उणे १८ अंशांपर्यंत १२० मिलिलिटर पीजी साधारण तीन मिलिलिटरनं कमी होतं. आत तेवढी पोकळी झाली की बाटली बाहेरची हवा ओढू पाहते. टोपण सैल असेल तर ती आत येतेच. म्हणून कडक काळं टोपण घ्या, ज्याच्या आत शंकूच्या आकाराचं लायनिंग असतं आणि जे बाटलीच्या तोंडात घट्ट रुतून बसतं. रबरी फुग्याचं ड्रॉपर असलेलं टोपण साठ्याला अजिबात वापरू नका. त्यातून हवा जाते आणि रबरही निकोटिननं खराब होतं.

बाटली गळ्यापर्यंत भरा, वर एक-दोन मिलिलिटर जागा सोडा. वाइन टिकवण्यासाठी मिळणाऱ्या आर्गॉनच्या फवाऱ्याचा एक झोत वरच्या मोकळ्या जागेत मारून लगेच टोपण लावलं तर उत्तमच. पाण्यासारखं हे द्रव गोठून फुगत नाही, त्यामुळे काच फुटण्याची भीती नाही. पीजी उणे १८ला पातळच राहतं. ग्लिसरीन म्हणजे व्हीजीचा बेस मात्र काकवीसारखा घट्ट होतो आणि ओतायला वेळ लागतो.

फ्रीझरच्या दारात ठेवू नका, तिथलं तापमान सारखं वरखाली होतं. मागच्या बाजूला ठेवा. तापमान १० अंशांनी उतरलं की अशा क्रियेचा वेग साधारण निम्मा होतो, हा रसायनशास्त्रातला ढोबळ नियम. त्या हिशेबानं २५ अंशांच्या कपाटापेक्षा फ्रीझरमध्ये खराब होण्याचा वेग सुमारे वीस पटींनी कमी. हवा नीट बंद केली असेल तर काही वर्षं निर्धास्त राहा.

वापरायला एका वेळी एकच बाटली काढा. बंद असतानाच ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, तीन-चार तास तरी लागतात. गार बाटली लगेच उघडली तर हवेतली वाफ आत जमते, आणि पीजी व व्हीजी दोन्ही पाणी शोषून घेतात. गरम पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवून घाई करू नका. बाहेर आलेलं दव पुसा, बाटली चांगली हलवा, मगच टोपण काढा. हलवणं विसरलात तर, विशेषतः व्हीजीच्या बेसमध्ये, एक झुरका सौम्य आणि दुसरा डोकं गरगरवणारा निघू शकतो.

प्रश्न : सप्टेंबर २०२०मध्ये व्हेप कंपन्यांनी एफडीएकडे (अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन) परवानगीचे अर्ज करायची मुदत आली तेव्हा घाबरून घेतलेली बाटली गॅरेजमध्ये राहिली. आता रंग कोऱ्या चहासारखा झाला आहे. वापरू का? – ऑस्टिन, टेक्सस

नको. ताजं निकोटिन बिनरंगी किंवा अगदी फिकट पिवळं असतं. थोडा पिवळेपणा आला तर बिघडत नाही. अगदी थोड्या ऑक्सिडेशननंही रंग बदलतो, त्यामुळे रंगावरून तीव्रता किती घटली हे सांगता येत नाही. पण टेक्ससच्या उन्हाळ्यात गॅरेज चाळिशीच्या पुढे जातं, आणि चहाचा रंग म्हणजे कोटिनिन, मायोस्मिन यांसारखे पदार्थ तयार होऊन बराच काळ लोटला आहे. असं लिक्विड घशाला मिरीसारखं झोंबतं आणि त्याला उग्र वास येतो. वास घ्यायचाच असेल तर पातळ केलेल्या थेंबाचा घ्या. तीव्र बाटलीला नाक लावू नका.

एक फरक लक्षात ठेवा. व्हॅनिला किंवा कस्टर्डचा फ्लेवर घातलेलं तयार लिक्विड काही आठवड्यांत तपकिरी होतं. ते व्हॅनिलिनमुळे होतं, बिघाडामुळे नव्हे. फ्लेवरविना निकोटिन तपकिरी झालं तरच ते जुनं झालं असं समजा.

प्रश्न : ऑक्टोबरपासून कर लागणार म्हणून वर्षाचा साठा करायचा विचार आहे. मी पंधरा दिवसांना ५० मिलिलिटरचं शॉर्टफिल (निकोटिनविना फ्लेवरचं लिक्विड) आणि त्यात मिसळायला एक निकोटिन शॉट (निकोटिनची १० मिलिलिटरची बाटली) वापरतो. काय आणि किती घ्यावं? – लेस्टर

ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२६ पासून व्हेपच्या लिक्विडवर दर १० मिलिलिटरला २.२० पौंड शुल्क ठरलं आहे, निकोटिन असो वा नसो. त्यावर २० टक्के व्हॅट. तुमच्या ६० मिलिलिटरचे १३.२० पौंड होतात, व्हॅट धरून १५.८४. पंधरवड्याला एवढा जास्तीचा खर्च म्हटल्यावर साठ्याचा विचार येणं साहजिक आहे. स्वतःच्या वापरासाठी आधी घेऊन ठेवायला हरकत नाही, मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना विकायच्या फंदात पडू नका.

तुमच्याकडे दुकानात २० मिलिग्रॅमच्या वरचं निकोटिन विकता येत नाही आणि बाटलीही १० मिलिलिटरहून मोठी नाही. २०१६च्या नियमांनी ती मर्यादा घातली आहे. साठ्याच्या दृष्टीनं ती गैरसोयीचीच. छोट्या, पातळ प्लॅस्टिकच्या बाटलीत द्रव कमी आणि पृष्ठभाग जास्त, त्यामुळे ऑक्सिजन तुलनेनं लवकर पोचतो. शॉटवर साधारण दोन वर्षांची मुदत छापलेली असते. घेताना ती तारीख वाचा. सूट देऊन विकले जाणारे शॉट पुष्कळदा मुदतीच्या जवळ आलेले असतात.

वर्षाला २६ शॉट पुरतात. आमचं मत, त्याहून जास्त घेऊ नका. सील न फोडता दहा-दहाचे गठ्ठे व्हॅक्यूमच्या पिशवीत बंद करा आणि फ्रीजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये ठेवा. सगळे शॉट काचेच्या एका बाटलीत ओतण्याचा सल्ला काही जण देतात. वर्षभरासाठी तो खटाटोप कशाला? ओतताना लागणारी हवा आणि सांडण्याचा धोका फायद्यापेक्षा जास्त. ‘निक सॉल्ट’चे म्हणजे निकोटिनच्या क्षाराचे शॉट असतील तर थंडीत कधी बारीक स्फटिक दिसतात. बाटली खोलीत ठेवून हलवली की ते विरघळतात. विरघळले नाहीत तर तो शॉट वापरू नका.

शॉर्टफिलचा साठा मात्र बेतानं करा. निकोटिन टिकतं, फ्लेवर तितका टिकत नाही. लिंबू-संत्र्यासारखे फ्लेवर सहा महिन्यांत फिके पडतात. आणि शॉट मिसळून ठेवलेली तयार बाटली महिनोन्‌महिने साठवू नका. लागेल तेव्हाच मिसळा : ५० मिलिलिटरमध्ये १८ मिलिग्रॅमचा एक शॉट घातला की बरोबर ३ मिलिग्रॅम होतं.

प्रश्न : मुलाने फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशव्यांशेजारी या बाटल्या ठेवल्या आहेत. नातू तीन वर्षांचा आहे. सांगितलं तर म्हणतो, ‘आई, झाकण चाइल्डप्रूफ आहे.’ – हॅरो, लंडन

तुमची काळजी शंभर टक्के रास्त आहे. हे उत्तर मुलाला वाचून दाखवा.

चाइल्डप्रूफ टोपण मुलाला उशीर लावतं, थांबवत नाही. पूर्ण फिरवून बसवलं नसेल तर तेवढाही उशीर लावत नाही. शिवाय स्ट्रॉबेरीच्या वासाची रंगीत छोटी बाटली आणि आइस्क्रीम एकाच कप्प्यात असणं म्हणजे मुलाला आमंत्रणच. २० मिलिग्रॅमच्या एका शॉटमध्ये २०० मिलिग्रॅम निकोटिन असतं. जुन्या पाठ्यपुस्तकांत मोठ्या माणसाला ३० ते ६० मिलिग्रॅम घातक असं लिहिलेलं असे. आता तो आकडा बराच वर, अर्ध्या ग्रॅमच्या पुढे धरतात. पण तीन वर्षांच्या मुलासाठी यातला कोणताही आकडा दिलासा देणारा नाही. अमेरिकेत तर मुलांच्या निकोटिन विषबाधेपायी पॅकिंगचा स्वतंत्र कायदा करावा लागला.

अन्नाच्या फ्रीझरमधून बाटल्या आजच काढायला सांगा. कुलपाची पत्र्याची पेटी घ्या, बाटल्या झिपच्या पिशवीत घालून पेटीत, आणि पेटी मुलाच्या डोक्याच्या वरच्या उंचीवर. फ्रीझरच हवा असेल तर वेगळा छोटा, कुलपाचा. तो जमत नसेल तर थंड, अंधाऱ्या कपाटात कुलूपबंद ठेवा. वर्षभराचा साठा तिथेही तग धरतो. औषधाच्या रिकाम्या बाटलीत, पाण्याच्या बाटलीत, मसाल्याच्या बरणीत ओतून ठेवणं कायमचं बंद. प्रत्येक बाटलीवर ‘विष’, तीव्रता, बेस आणि तारीख मोठ्या अक्षरांत. घरी मदतीला बाई येत असतील तर त्यांना समजेल अशा भाषेतही लिहा. लेबलवर रुंद पारदर्शक टेप लावा, नाहीतर दवानं शाई पुसते.

नातवानं तोंडात घातलंच तर : तोंड ओल्या कापडानं पुसा, उलटी काढू नका. मिठाचं पाणी पाजणं, बोटं घालणं हे आपल्याकडचे जुने उपाय इथे घातक ठरतात. निकोटिननं झटका आला तर उलटी श्वासनलिकेत जाते. मूल शुद्धीत आणि ठीक दिसत असलं तरी लगेच १११ला फोन करा. लाळ गळणं, चेहरा पांढरा पडणं, घाम, उलट्या, थरथर, झोपाळूपणा यांतलं काहीही दिसलं तर थेट ९९९. बाटली सोबत न्या, तीव्रता त्यावरूनच कळते. अमेरिकेतल्या वाचकांसाठी विष नियंत्रण केंद्राचा क्रमांक १-८००-२२२-१२२२.

प्रश्न : आजोबा निपाणीला तंबाखूच्या वखारीत आयुष्यभर उघड्या हातांनी काम करत. मग लिक्विड मिसळताना हातमोजे कशाला? – सॅन होजे

वखारीतलं पान वाळलेलं असतं. शेतात दव किंवा पावसानं भिजलेलं हिरवं पान खुडणाऱ्यांना मळमळ, चक्कर, उलट्या होतात, कारण पाण्यात उतरलेलं निकोटिन कातडीतून आत जातं. तुमच्या हातातलं १०० मिलिग्रॅमचं द्रव त्याहून कितीतरी तीव्र आहे. निकोटिन सल्फेट एके काळी कीटकनाशक म्हणून फवारलं जात असे, हेही ध्यानात ठेवा.

नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा, लांब बाह्या. खिडकी उघडी, मूल आणि कुत्रं-मांजर खोलीबाहेर. खाली कडा असलेला ट्रे, त्यात टिपकागद. अंगावर सांडलं तर कपडा तिथेच काढा आणि साबण व भरपूर गार पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. गरम पाणी किंवा स्पिरिट नको, त्यानं शोषण वाढतं.

मापताना चूक होते ती दशांशाची. १०० मिलिलिटर लिक्विड ३ मिलिग्रॅमचं करायला १०० मिलिग्रॅमचं निकोटिन ३ मिलिलिटर लागतं, ३० नव्हे. सिरिंज ५ मिलिलिटरचीच ठेवा, म्हणजे चूक हातून घडणंच अवघड होतं. वजनानं करत असाल तर काटा ०.०१ ग्रॅमचा हवा : पीजी बेसचे ३ मिलिलिटर सुमारे ३.१ ग्रॅम भरतात, व्हीजीचे ३.७ ग्रॅम. निकोटिन सगळ्यात आधी मोजा, त्याची बाटली बंद करून पेटीत ठेवा, मगच फ्लेवरला हात लावा.

प्रश्न : मुलगा लंडनहून येताना त्याचा व्हेप आणि दहा बाटल्या घेऊन येणार आहे. घरी ठेवल्या तर चालेल ना? – पुणे

नाही. भारतात २०१९च्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री आणि साठवण या सगळ्यांवर बंदी आहे. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलाला सगळं तिकडेच ठेवून यायला सांगा. सुट्टीपुरती तलफ भागवायला २ मिलिग्रॅमचा निकोटिनचा च्युइंगगम इथल्या औषधाच्या दुकानात मिळतो. कायमचं सोडायचं मनात असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर फोन विनामूल्य आहे.

प्रश्न : जुनं निकोटिन सिंकमध्ये ओतलं तर? – मँचेस्टर

ओतू नका, कचऱ्याच्या डब्यातही नको. बाटली घट्ट बंद करून, लेबल तसंच ठेवून कौन्सिलच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या. जाण्याआधी फोन करून विचारा, सगळी केंद्रं रसायनं घेत नाहीत. अमेरिकेत काउंटीचा घरगुती घातक कचरा गोळा करण्याचा दिवस असतो. रिकाम्या बाटलीतही थेंब उरतात, तीही त्याच पिशवीत द्या.