पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनची स्क्रीन परत येते. डिस्क भरलीय हे मशीन सांगत का नाही?

तुमचा प्रश्न वाचून गेल्या वर्षीची सकाळ आठवली. नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेतली पाच लिनक्स मिंट (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) मशीनं मी सांभाळतो. एमपीएससीची मुलं दिवसभर पीडीएफ आणि लेक्चरचे व्हिडिओ उतरवत असतात. एकजण पासवर्ड टाकतोय, स्क्रीन काळी होतेय, पुन्हा लॉगिन. मी शहाण्यासारखा त्यालाच म्हणालो, "कॅप्स लॉक बघ रे."

पोराचं काही चुकलं नव्हतं. मिंटमधला लाइटडीएम, म्हणजे लॉगिनची स्क्रीन सांभाळणारा प्रोग्राम, आत सोडताना तुमच्या होममध्ये (तुमच्या स्वतःच्या फोल्डरात) डॉट एक्सअथॉरिटी ही छोटी फाइल लिहितो. स्क्रीन वापरायचा परवानाच म्हणा. जागा नसली की परवाना कोरा राहतो आणि डेस्कटॉप उघडता उघडता कोसळतो.

आत्ता अडला असाल तर कंट्रोल, ऑल्ट, एफ३ दाबा. तिथे नुसत्या अक्षरांचं लॉगिन मिळतं, ते बहुधा चालतं. डीएफ ही कमांड देऊन जागा बघा. जागा भरपूर दिसली तर आयनोड (प्रत्येक फाइलमागे डिस्कवर लागणारी नोंद) संपलेत का आणि त्या माणसाचा कोटा (त्याला ठरवून दिलेली जागा) भरलाय का, तेही बघा. मग होममधलं कॅश (प्रोग्रामनी साठवलेल्या तात्पुरत्या फाइली) आणि ट्रॅश उडवा. मुलांनी 'डिलीट केलेत सर' म्हणून सांगितलेले व्हिडिओ ट्रॅशमध्येच पडलेले असतात.

कायमचा इलाज म्हणून कोटा लावाच, पण नुसती हार्ड मर्यादा, म्हणजे ओलांडताच न येणारी, नको. ती गाठली की त्या एकट्याला हाच फेरा सुरू. सॉफ्ट मर्यादा बरीच खाली ठेवा. ती ओलांडल्यावर सहसा 7 दिवसांची सवलत मिळते. गोम अशी की सवलत संपली की सॉफ्टही हार्डसारखीच वागते. म्हणजे त्या 7 दिवसांत माणसाला कळलं पाहिजे.

त्यासाठी मी दोन गोष्टी केल्या. लाइटडीएमच्या सेटिंगमध्ये 'यूजर-अथॉरिटी-इन-सिस्टिम-डिर' ट्रू केलं, म्हणजे परवाना होमऐवजी सिस्टिमच्या फोल्डरात जातो. आणि एक्ससेशन डॉट डी फोल्डरात (यातल्या स्क्रिप्ट लॉगिन होताना आपोआप चालतात) एक छोटी स्क्रिप्ट टाकली. ती जागा तपासते आणि डेस्कटॉप उघडायच्या आधी मराठीत चौकट दाखवते: 'जागा संपत आलीय, ट्रॅश रिकामं करा.' होम ठासून भरलेलं असेल तर डेस्कटॉप पुढे रडतखडत चालतो, पण निरोप तरी पोचतो.

त्या स्क्रिप्टच्या शेवटी 'एक्झिट' मात्र लिहू नका. ती वेगळी चालत नाही, सेशनच्या स्क्रिप्टमध्येच ओढली जाते, त्यामुळे एक्झिटने अख्खं सेशनच बंद होतं. मी लिहिलं होतं. पाचही मशीनं एका झटक्यात लॉगिनच्या स्क्रीनवर.