बारावी झाली, पोलीस व्हायचंय. कोल्हापुरात पदवी करू की थेट भरतीची अकॅडमी लावू?

शिपाई भरतीला बारावी पुरते. पण पीएसआय व्हायचं तर एमपीएससीसाठी पदवी लागतेच. म्हणून कॉलेज सोडू नकोस. विषय कोणताही चालतो. शिवाजी विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात बीए घे, हजेरी सांभाळ आणि सकाळी मैदान गाठ.

मैदानी चाचणी ५० गुणांची: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. लेखी १०० गुणांची, त्यात गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान. आपली पोरं पळतात झकास, अडकतात गणितात! अकॅडमी लावायचीच तर आधी तिथलं गणिताचं लेक्चर बसून बघ. ‘हमखास भरती’चे फलक वाचून फी भरू नकोस. आणि हो, उंची आधीच मोजून घे: शिपाई पदाला मुलांना किमान १६५ सेंमी, मुलींना १५५.